अर्प घराणं: सरहद्दीचे कायदेरक्षक, की पोटापाण्यासाठी बिल्ला लावणारे?

वाटसरू
वायट अर्पचं नाव काउबॉयपट बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ॲरिझोनातलं टूमस्टोन, २६ ऑक्टोबर १८८१, जेमतेम अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या आणि तीन मुडदे. त्या चकमकीवर लोकांनी इतकं लिहिलंय की मला त्यात भर घालायची नाही. माझा प्रश्न घराण्याबद्दल आहे.

बाप निकोलस अर्प मिसुरीतल्या लमार गावचा कॉन्स्टेबल. १८६९ मध्ये तो तिथेच जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरचा न्यायाधीश झाला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर एकविशीतला वायट चिकटला. सावत्र भाऊ न्यूटन पुढे कॅन्ससमधल्या गार्डन सिटीचा पहिला मार्शल. व्हर्जिल टूमस्टोनचा मार्शल आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या कोल्टनचा. मॉर्गन, वॉरन यांनीही कधी ना कधी बिल्ला लावलाच. त्याआधी १८६४ मध्ये बापाने आयोवाहून कॅलिफोर्नियाला गाड्यांचा तांडा नेलेला. म्हणून 'वसाहत वसवणारं, कायदा राखणारं आद्य घराणं' अशी त्यांची आरती ओवाळली जाते.

मला हे पटत नाही. गुत्ता, फॅरोचं जुगाराचं टेबल, खाणीचा पट्टा, तसाच बिल्ला. जिथे चार पैसे दिसतील तिथे कुटुंब हललं. कायदा हा त्यांचा वारसा नव्हे, अनेक धंद्यांपैकी एक धंदा. जाणकारांनी ठोकून काढावं.

झणझणीत_तर्री
बाप न्यायाधीश, पोरगा हवालदार. आरोपीने जेवायच्या वेळी घरी जाऊन बसायचं, निकाल तिथेच. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऋतुजा_के
वाटसरू, लमारचं प्रकरण तुम्ही एका ओळीत उरकलंत. खरी मजा तिथेच आहे.

१८७० मध्ये त्या कॉन्स्टेबलपदासाठी रीतसर निवडणूक झाली. वायटसमोर उभा कोण? सावत्र भाऊ न्यूटन! वायटला १३७ मतं, न्यूटनला १०८. एकाच घरातले दोघे एकाच खुर्चीसाठी, बाप वर न्यायाधीश. त्याच वर्षी वायटची तरुण बायको युरिला वारली आणि गाडी घसरली. त्याने शाळांसाठी गोळा केलेली परवान्यांची रक्कम जमा केली नाही म्हणून १८७१ मध्ये काउंटीने त्याच्यावर दावा लावला. काही आठवड्यांतच इंडियन टेरिटरीत घोडे चोरल्याच्या आरोपात अटक. आर्कान्सातल्या व्हॅन ब्यूरनच्या तुरुंगातून तो इतर कैद्यांबरोबर पसार झाला. १८७२ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियात कुंटणखान्यावरच्या धाडीत सापडला, तेही एकदा नाही.

आणि १८७५ मध्ये हाच माणूस विचिटात पोलीस! गाव बदललं की मागचं सगळं पुसलं. तार होती, वर्तमानपत्रं होती, पण माणसाची कुंडली त्याच्यामागून येत नव्हती.

खवचट_आजोबा
आपल्याकडे पाटीलकीचं वतन असायचं, गाव सोडलं की पाटीलकी गेली. या मंडळींचं वतन गाव सोडल्यावरच सुरू होतंय.

झणझणीत_तर्री
आजोबा, _/\_
विचिटावरून आठवलं. जानेवारी १८७६ मध्ये वायट मित्रांबरोबर गुत्त्याच्या मागच्या खोलीत बसला होता. खुर्चीत मागे रेलला आणि रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटून जमिनीवर आदळलं. चापाखालच्या घरात काडतूस भरलेलं, त्यामुळे बार उडाला. गोळी कोटातून आरपार जाऊन भिंतीवर आपटली आणि उडून छतात घुसली. गावच्या पेपरात बातमी आली होती. नेमबाजीचा बादशहा म्हणे!

टूसानवासी
मी टूसानमध्ये राहतो, टूमस्टोन आमच्यापासून तासाभराच्या थोडं पुढे. हायवे १० ने बेन्सनपर्यंत आणि तिथून ८० नंबरने दक्षिणेला. भारतातून कोणी आलं की न्यावंच लागतं. तेव्हा थोडं अधिकारवाणीने.

पहिलं म्हणजे ती चकमक ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या ओके कोरलमध्ये, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याच्या आवारात, झालीच नाही. फ्रीमाँट रस्त्याला लागून फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओशेजारी एक चिंचोळी मोकळी जागा होती, तिथे झाली. आता तिकीट काढून रोज प्रयोग बघता येतो. मेलेले तिघे दुपारच्या खेळाला पुन्हा उठतात.

दुसरं, वाटसरूंचा मुद्दा वायटला लागू आहे, व्हर्जिलला नाही. त्या दिवशी गावाचा मार्शल व्हर्जिल होता, वायट नव्हे. नोव्हेंबर १८७९ मध्ये प्रेस्कॉटहून निघतानाच त्याला डेप्युटी यूएस मार्शल नेमलं होतं. गावात हत्यार बाळगायचं नाही असा टूमस्टोनचा वटहुकूम होता, आल्याबरोबर तबेल्यात नाहीतर गुत्त्यात जमा करायचं. समोरची क्लँटन-मॅक्लॉरी मंडळी ते करेनात आणि वर रात्रभर धमक्या. व्हर्जिल निघाला तो हत्यारं काढून घ्यायला.

एक बारीकशी गोष्ट बघा. व्हर्जिलच्या हातात शॉटगन होती. रस्त्यात लोक बघून बिथरतील म्हणून त्याने ती वायटचा मित्र डॉक हॉलिडेला दिली, त्याच्या लांब कोटात लपवायला, आणि बदल्यात हॉलिडेची चालायची काठी उजव्या हातात घेतली. म्हणजे समोरासमोर आल्यावर गावच्या मार्शलच्या पिस्तुलाच्या हातात काठी होती. तशीच ती वर करून, थांबा, मला हे नकोय, असं तो ओरडला. खून करायला निघालेला माणूस काठी घेऊन जातो?

माळरान
आणि शॉटगन कोणाच्या हातात दिली? गावातल्या सगळ्यात भडक डोक्याच्या माणसाच्या. काठीचं कौतुक पुरे.

कायद्याचं_बोला
माळरान म्हणतात तेच जवळजवळ न्यायाधीशानेही म्हटलं होतं. जस्टिस वेल्स स्पायसरसमोर जवळपास महिनाभर सुनावणी चालली. खटल्यापुरता पुरावा नाही म्हणून सोडलं, पण वायट आणि हॉलिडेला मदतीला घेणं हा व्हर्जिलचा अविचार होता, असं निकालात नोंदवलं. नगरपरिषदेने त्याआधीच व्हर्जिलला निलंबित केलं होतं. ही बाजू पडद्यावर फारशी येत नाही.

बिल्ल्यांचा गुंता थोडा सोडवतो, कारण इथे सगळे 'मार्शल' एकाच पोत्यात पडलेत. गावाचा मार्शल नगरपरिषदेच्या हाताखाली, हद्द गावापुरती. काउंटीचा शेरीफ वेगळा. तांत्रिकदृष्ट्या पोलीस, प्रत्यक्षात वसुली अधिकारी. कर गोळा करायचा आणि त्यातले दहा टक्के खिशात. यूएस मार्शल केंद्राचा, टपाल लुटलं वगैरे गुन्ह्यांपुरता. कॉन्स्टेबल सगळ्यात तळाला.

आता फेब्रुवारी १८८१ मध्ये कोचीस काउंटी नवी निघाली. चांदीच्या खाणी, रेल्वे, गुरं, सगळ्यांवर कर. शेरीफची खुर्ची म्हणजे सोन्याची कोंबडी! वायटला ती हवी होती, नेमणूक झाली जॉनी बीहनची. पुढच्या बऱ्याच वैराचं मूळ इथे आहे. वाटसरूंचा 'धंदा' हा शब्द कडक वाटतो, पण सरकारनेच पोलिसी कामाला टक्केवारी लावली होती.

वाटसरू
@कायद्याचं_बोला, धन्यवाद, माझी बाजू माझ्यापेक्षा तुम्ही चांगली मांडलीत.

ऋतुजा_के
बापाकडे कोणी लक्षच देत नाहीये. १२ मे १८६४ ला तांडा पेल्लाहून निघाला आणि १७ डिसेंबरला सॅन बर्नार्डिनोला पोचला. सात महिने! तिकडे यादवी युद्ध चालू, न्यूटन, जेम्स, व्हर्जिल तिघेही युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत गेलेले. जेम्स तर खांद्याला गोळी लागून १८६३ मध्येच घरी आलेला. निकोलस तांड्याचा म्होरक्या.

या प्रवासाची रोजनिशी आहे, सेरा रूसो या बाईची. नवरा डॉक्टर, स्वतः संधिवाताने जखडलेली, गाडीत पडून प्रवास करायची आणि रोज लिहायची. आजचं पाणी कसं होतं, गवत मिळालं का, जनावरं किती थकली. आणि मधूनमधून मिस्टर अर्पच्या शिव्या! एकदा धाकट्या वॉरनचं दुसऱ्या पोराशी भांडण झालं. निकोलसचं डोकं असं फिरलं की आपापल्या पोरांना आवरा, नाहीतर एकूण एक पोराला मी फोडून काढीन, अशी त्याने तांड्याला तंबी दिली. आद्य वसाहतकाराचं हे दर्शन मला तरी पुतळ्यापेक्षा जास्त आवडतं.

सुईदोरा
ऋतुजाताई, मस्त. बायकांची आठवण काढलीत म्हणून लिहिते.

व्हर्जिलची बायको ॲली. प्रेस्कॉटहून निघताना गाडीत जागा नाही म्हणून शिवणयंत्र मागे ठेवायचं चाललं होतं. ती हटून बसली. टूमस्टोनला पोचल्यावर पुरुष खाणींचे दावे नोंदवण्यात आणि पत्त्यांत दंग, आणि घरात रोकड आणली या यंत्राने. खाणकामगारांच्या तंबूंचं जाडंभरडं कापड ॲली आणि वायटची मॅटी शिवत बसायच्या. गाव तेव्हा निम्मंअधिक कापडाचंच होतं. मग वसाहत कोणी वसवली म्हणायची?

मॅटीचं पुढे काय झालं तेही वाचा. वायट जोसेफीन मार्कसबरोबर राहू लागला, मॅटी १८८८ मध्ये ॲरिझोनातल्याच पायनल गावी अफूच्या अर्काने गेली. तिच्या नावाने तिकिटाचे प्रयोग होत नाहीत.

मी_नाही_त्यातला
वाखूसा (वाचनखूण साठवली).

माळरान
वसाहत वसाहत चाललंय म्हणून मूळ प्रश्नालाच हात घालतो. कोणाच्या जमिनीवर?

कोचीस काउंटी हे नावच बघा. कोचीस हा चिरिकावा अपाचींचा प्रमुख. १८७२ मध्ये त्याच्याशी बोलणी होऊन चिरिकावांना ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात राखीव क्षेत्र मिळालं. १८७४ मध्ये तो गेला, १८७६ मध्ये सरकारने ते क्षेत्र मोडलं आणि लोकांना सान कार्लोसच्या राखीव क्षेत्रात हलवलं. १८७७ मध्ये एड शिफलिनला त्याच टापूत चांदी सापडली. मग गाव, मग काउंटी, आणि काउंटीला नाव कोचीसचं!

सान कार्लोसला हलवणारा सरकारी एजंट होता जॉन क्लम. अपाची लढवय्या जेरोनिमोला पहिल्यांदा बेड्या पडल्या त्या १८७७ मध्ये, क्लमच्या हाताखालच्या अपाची पोलिसांकडून. हाच क्लम पुढे टूमस्टोनमध्ये 'एपिटाफ' हे वर्तमानपत्र काढतो, १८८१ मध्ये महापौर होतो आणि अर्पांचा खंदा पाठीराखा बनतो. सरहद्दीवरचं पोलीसकाम म्हणायचं तर त्या अपाची पोलिसांनी जी तंगडतोड केली त्यापुढे अर्प मंडळींची गस्त चार गल्ल्यांची. पण त्यांच्या घराण्यांवर धागा निघत नाही.

टूसानवासी
माळरान, मुद्दा मान्य, पण त्याचं ओझं अर्पांच्या डोक्यावर का? राखीव क्षेत्र मोडलं वॉशिंग्टनने. हे पोचले तेव्हा गाव उभं राहिलं होतं.

माळरान
म्हणजे आद्य नव्हतेच ना? हेच तर म्हणतोय. सॅन बर्नार्डिनोतही तेच. तिथे मूळचे सेरानो आणि काविया लोक, मग मेक्सिकन लुगो कुटुंबाचा रांचो, १८५१ मध्ये तो मॉर्मन पंथाच्या लोकांनी विकत घेतला. १८५७ मध्ये त्यांचा पुढारी ब्रिगम यंगने त्यांना युटाला परत बोलावलं, बहुतेक जण जमिनी पडेल भावात विकून गेले. निकोलस पोचला १८६४ ला आणि त्याने शेत भाड्याने घेतलं. भाडेकरूला आद्य म्हणायचं तर माझा फ्लॅटही ऐतिहासिक आहे.

झणझणीत_तर्री
माळरान, फ्लॅटवर फलक लावा. 'येथे एक आद्य सदस्य दहा टक्के भाडेवाढ सोसून राहिला.'

दख्खनी
घराणं, वसाहत आणि पोलिसी असं तिन्ही एकत्र हवं असेल तर अर्प सोडा, जॉन स्लॉटर घ्या. त्याच कोचीस काउंटीचा १८८७ ते १८९० शेरीफ. टेक्सासहून गुरं हाकत आला, १८८४ मध्ये मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेलं सॅन बर्नार्डिनो रँच घेतलं (कॅलिफोर्नियाचं गाव वेगळं, गल्लत नको). रँच इतकं अवाढव्य की निम्मंअधिक मेक्सिकोत. पाणी अडवलं, शेती केली, कामकऱ्यांची वस्ती झाली, आणि मरेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्या टापूशी नातं सोडलं नाही. डग्लसजवळ आजही घर आणि तळं बघायला मिळतं. बुटका माणूस, पण गुन्हेगार काउंटी सोडून पळायचे. अर्प बंधू टूमस्टोनमध्ये सव्वादोन वर्षं टिकले.

टूसानवासी
+१, रँच सुंदर आहे, पक्षी बघायचे असतील तर दुर्बीण न्या. रस्ता मात्र कच्चा.
टूमस्टोनला जाणारच असाल तर गोळीबाराच्या प्रयोगापेक्षा १८८५ मध्ये लावलेला पांढऱ्या गुलाबाचा वेल बघा, एका खोडावर पसरलेला मांडव, जगातला सगळ्यात मोठा गुलाब म्हणून नोंद आहे. एप्रिलमध्ये फुलतो. बूटहिल स्मशानात भेटवस्तूंच्या दुकानातून आत शिरावं लागतं. तिथे जॉर्ज जॉन्सन नावाच्या इसमाच्या फळीवर चक्क 'चुकून फाशी दिली' असं लिहिलंय.

खवचट_आजोबा
दिलगिरीचं पत्र तरी पोचलं.

कायद्याचं_बोला
दख्खनी, अर्प सव्वादोन वर्षं टिकले असं नाही, त्यांना टिकू दिलं नाही. २८ डिसेंबर १८८१ ला व्हर्जिलवर रात्री शॉटगनने हल्ला, डावा हात कायमचा गेला. १८ मार्च १८८२ ला मॉर्गन बिलियर्ड खेळताना दाराच्या काचेतून आलेल्या गोळीने मेला. प्रेत रेल्वेने आईबापांकडे कोल्टनला गेलं.

यानंतरचा भाग कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा. वायट तेव्हा डेप्युटी यूएस मार्शल. टूसानच्या रेल्वे यार्डात फ्रँक स्टिलवेलचं गोळ्यांनी चाळण झालेलं प्रेत सापडलं. स्टिलवेल कोण? मॉर्गनच्या खुनातला संशयित, डाक गाडीच्या लुटीतला आरोपी, आणि शेरीफ बीहनचा माजी डेप्युटी! मग वायट केंद्राचा बिल्ला लावून उरलेल्यांच्या मागे, आणि त्याच्याविरुद्धचं वॉरंट घेऊन काउंटीचा बिल्लेवाला बीहन त्याच्या मागे. दोन्ही तुकड्यांकडे सरकारी कागद. शेवटी वायट कोलोरॅडोला निघून गेला, खटला उभाच राहिला नाही.

वाटसरू
इतके प्रतिसाद वाचून माझं मत थोडं सरकलंय, उलटलेलं नाही.

वायटबद्दल मी ठाम आहे. १८८२ नंतर तो जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं जगला आणि त्यात पोलिसी नावापुरतीच. गुत्ते, घोड्यांच्या शर्यती, अलास्कातल्या नोममध्ये दारूधंदा, १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिट्झसिमन्स-शार्की मुष्टियुद्धाचा पंच होऊन देशभर छी-थू. १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला वारला तेव्हा खांदेकऱ्यांत पडद्यावरचे काउबॉय होते, विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स. दोन वर्षांनी आलेल्या चरित्राने त्याला देव केलं. घराण्याची कीर्ती म्हणतो ती या चरित्रानंतरची.

व्हर्जिलबद्दल मात्र टूसानवासींचं ऐकून कोल्टनचं जरा खोदून वाचलं. एक हात निकामी झालेला माणूस, वय चाळीसच्या पुढे, टूमस्टोनच्या सगळ्या बदनामीसकट, आणि १८८७ मध्ये गाव नगर म्हणून नोंदलं गेल्यावर लोकांनी पहिला मार्शल म्हणून त्यालाच निवडलं. पुढच्या वर्षी पुन्हा निवडलं. त्याच्या कारकिर्दीत कोल्टनमध्ये काही चकमक झाल्याचं वाचनात आलं नाही. रेल्वेचं जंक्शन, दारूडे, भटके, कुत्र्यांचे परवाने. म्हातारा निकोलसही तिथेच गुत्ता चालवून न्यायाधीशाच्या खुर्चीवर निवडून आला होता. लमारचाच डाव, फक्त पोरगा दुसरा आणि जास्त चांगला.

ऋतुजा_के
निकोलसच्या कपाळी मात्र सगळं बघणं आलं. मॉर्गन १८८२, वॉरन १९०० मध्ये विलकॉक्सच्या गुत्त्यात गोळी लागून, व्हर्जिल १९०५ मध्ये नेवाडातल्या गोल्डफील्डला न्यूमोनियाने. तेव्हाही व्हर्जिल तिथला डेप्युटी शेरीफ होता, बासष्टीत, एका हातावर. म्हातारा १९०७ मध्ये सैनिकांच्या वृद्धाश्रमात वारला, चौऱ्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास.

आणि वाटसरू, न्यूटनला विसरू नका. १८७० ची निवडणूक वायटकडून हरला, आणि १८७२ मध्ये मुलगा झाला तेव्हा नाव ठेवलं वायट क्लाइड.

माळरान
व्हर्जिलपुरतं मीही मान्य करतो. नेक पोलीस होता. 'आद्य' तेवढं काढा शीर्षकातून.

वाटसरू
शीर्षकात 'आद्य' नाहीच आहे, माळरान. आरतीवाल्यांचा शब्द आहे तो.

झणझणीत_तर्री
शतकी धागा होणार. टूसानवासी, एप्रिलमध्ये येतोय, गुलाब बघायला. गाडी तुमची, पेट्रोल माझं, स्लॉटरच्या कच्च्या रस्त्याचं पंक्चर मात्र दख्खनींच्या खात्यावर.